पूलच्या जुन्या स्पर्धा कोण चालवायचं, आणि पैसा कुठून यायचा?

२०१९ साली लास व्हेगासमध्ये यूएस ओपन ही पूलमधली अत्यंत मानाची स्पर्धा झाली. २५६ खेळाडू उतरले, जर्मनीचा जोशुआ फिलर जिंकला आणि त्याला ५० हजार डॉलर मिळाले. त्याच वर्षी स्नूकरचा जगज्जेता जड ट्रम्प याला पाच लाख पौंड मिळाले. दोन्ही खेळांत हिरव्या-निळ्या कापडाचं टेबल, दोन्हींत हातात स्टिक, दोन्हींत बॉल पॉकेटमध्ये घालवायचे. तरी बक्षिसांत एवढी तफावत का, हा प्रश्न पूल पार्लरमध्ये तासावर टेबल घेऊन खेळणाऱ्या आपल्याकडच्या पोरांनाही पडतो.

पूल कमी दर्जाचा खेळ आहे, असं उत्तर बरेचजण देतात. ते चुकीचं आहे. खरं उत्तर शोधायचं तर जुन्या व्यावसायिक स्पर्धा कशा भरायच्या, त्या कोण भरवायचं आणि त्यांचा खर्च कसा निघायचा हे बघावं लागतं. या स्पर्धा बहुतेक वेळा एखाद-दुसऱ्या माणसाच्या जिद्दीवर उभ्या राहिल्या. तो माणूस गेला की स्पर्धाही बहुधा मागोमाग गेली. खेळाडूंची नावं तरी लोकांना आठवतात, भरवणाऱ्यांची फारशी कुणाला ठाऊक नसतात. म्हणून हा लेख.

आधी खेळ समजून घेऊ

अमेरिकेत ‘पूल’ या एका नावाखाली अनेक खेळ खेळले जातात. टेबल तेच, नऊ फूट लांब आणि साडेचार फूट रुंद, सहा पॉकेटं. नियम मात्र निरनिराळे. जुन्या स्पर्धा समजण्यापुरते त्यातले तीन खेळ माहीत असले तरी चालेल.

पहिला, स्ट्रेट पूल. कुठलाही बॉल कुठल्याही पॉकेटमध्ये, फक्त आधी सांगून घालवायचा. प्रत्येक बॉलला एक गुण. चौदा बॉल गेले की पंधरावा टेबलावर तसाच राहतो, गेलेले चौदा पुन्हा त्रिकोणात लावतात आणि डाव पुढे चालू. मोठ्या सामन्यात जो आधी दीडशेला पोचेल तो जिंकला. विली मॉस्कोनी या खेळातला दिग्गज. १९५४ मध्ये ओहायो राज्यातल्या स्प्रिंगफील्डला त्यानं एका दमात ५२६ बॉल घालवले. तो विक्रम ६५ वर्षं टिकला.

दुसरा, नाइन-बॉल. टेबलावर नऊच बॉल. दर वेळी व्हाइट, म्हणजे स्टिकनं मारायचा पांढरा बॉल, सगळ्यात कमी नंबरच्या बॉलला आधी लागला पाहिजे आणि नऊ नंबरचा बॉल जो घालवेल त्याचा डाव. झटपट संपतो, बघायला सोपा, म्हणून टीव्हीला आवडतो.

तिसरा, वन-पॉकेट. हा नीट समजून घेण्यासारखा आहे. कॅरम खेळताना चारपैकी एकच भोक तुमचं आणि दुसरं एक समोरच्याचं असतं तर काय झालं असतं, अशी कल्पना करा. इथे नेमकं तेच होतं. टेबलाच्या एका टोकाची दोन कोपऱ्यातली पॉकेटं दोघांनी वाटून घ्यायची. आपल्या पॉकेटमध्ये आठ बॉल घालवणारा जिंकला. बाकीच्या चार पॉकेटांना किंमत नाही. त्यामुळे ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला फटकाही दणकून मारत नाहीत. व्हाइट त्रिकोणाच्या शेंड्यावरच्या बॉलांना अगदी कडेनं घासतो, त्रिकोण अलगद उकलतो, चार-पाच बॉल आपल्या पॉकेटच्या दिशेनं सरकतात आणि व्हाइट समोरच्याच्या बाजूच्या कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, जाऊन चिकटतो. आता समोरच्याला मारायला सरळ काहीच उरत नाही. तोही मग एखादा बॉल हलवून व्हाइट तुमच्यासाठी अवघड जागी नेऊन ठेवतो. एक डाव तासभर सहज चालतो. जाणकार याला पूलचं बुद्धिबळ मानतात, आणि जुन्या पैजांचा हा लाडका खेळ होता.

या तीन खेळांचे राजे वेगवेगळे असायचे. म्हणजे ‘सगळ्यात भारी कोण’ या प्रश्नाला एकच उत्तर नव्हतं. पुढच्या सगळ्या गोंधळाचं एक मूळ इथे आहे.

कोळशाच्या खाणींच्या गावात जगज्जेतेपद

इलिनॉय राज्याच्या दक्षिण टोकाकडे जॉन्स्टन सिटी नावाचं गाव आहे. नावात सिटी असली तरी १९६० च्या सुमाराला वस्ती जेमतेम चार हजार. कोळशाच्या खाणींचा मुलूख. शिकागो तिथून पाचशे किलोमीटर लांब. या गावात जॉर्ज जॅन्स्को आणि पॉली जॅन्स्को या दोन भावांचा बार आणि नाइट क्लबचा धंदा होता. दोघांनाही पूलचं वेड.

त्याच भागात डॉवेल नावाच्या खेड्यात रुडॉल्फ वँडरोन नावाचा जाडजूड, बोलघेवडा खेळाडू सासुरवाडीला येऊन स्थायिक झाला होता. देशात कोण कुठे पैजा लावून खेळतो याची बित्तंबातमी त्याला असायची. अशा भटक्या खेळाडूंच्या गप्पांतून जॅन्स्को बंधूंच्या डोक्यात आलं, की हे सगळे एका छपराखाली आले तर? १९६१ मध्ये त्यांनी वन-पॉकेटची स्पर्धा जाहीर केली, तीही थेट जागतिक म्हणून. चौदा खेळाडू आले. कनेक्टिकटचा जॉनी व्हेविस जिंकला.

हे धाडस का होतं ते लक्षात घ्या. तोवर मोठ्या स्पर्धा म्हणजे स्ट्रेट पूलच्या. शहरातली मोठी सभागृहं, सूट-टाय, आणि पाठीशी टेबलं बनवणाऱ्या ब्रन्सविकसारख्या कंपन्या. गाडीच्या डिकीत दोन तुकड्यांची स्टिक टाकून गावोगाव फिरणारा, खोटं नाव सांगून अनोळखी माणसाशी पैसे लावून खेळणारा ‘हसलर’ या स्पर्धांत दिसायचा नाही. त्याचं पोटच अनोळखी असण्यावर चालायचं. फोटो छापून आला की पुढच्या गावात त्याच्याशी कोण खेळणार? अशा माणसांना जॅन्स्कोंनी नाव-गाव सांगून उजेडात बोलावलं, आणि ते आले.

योगायोग असा, की त्याच वर्षी पॉल न्यूमनचा ‘द हसलर’ हा सिनेमा आला आणि देशभर पूलची लाट उसळली. सिनेमात मिनेसोटा फॅट्स नावाचं पात्र होतं. वँडरोननं सरळ सांगून टाकलं की तो मीच. तोवर तो न्यूयॉर्क फॅट्स म्हणून ओळखला जायचा. पुढे आयुष्यभर तो मिनेसोटा फॅट्स म्हणूनच मिरवला.

दुसऱ्या वर्षी, १९६२ मध्ये, भावांनी वन-पॉकेटच्या जोडीला स्ट्रेट पूल आणि नाइन-बॉल घेतले. तिन्ही खेळांच्या विजेत्यांत शेवटी लढत लावायची आणि त्यातून ‘ऑलराउंड’ विजेता ठरवायचा. माझ्या मते जॅन्स्कोंची खरी अक्कल इथे दिसते. तीन राजांचा तिढा त्यांनी एका युक्तीनं सोडवला. त्या वर्षीचा ऑलराउंड किताब ल्युथर लॅसिटरनं नेला. हा नॉर्थ कॅरोलायनाचा, टोपणनाव विम्पी. सतत काही ना काही दुखत असल्याची तक्रार करायचा आणि नाइन-बॉलमध्ये कुणाला उभं राहू द्यायचा नाही.

पुढच्या वर्षांत इथे आलेल्यांची टोपणनावं नुसती वाचली तरी तो काळ डोळ्यापुढे येतो. नॉक्सव्हिलचं अस्वल म्हणवला जाणारा एडी टेलर, कुशनवरून बॉल फिरवून घालवण्यात अद्वितीय. जर्सी रेड. कॉर्नब्रेड रेड. हॉट डॉगची दुकानं चालवणारा वीनी बीनी. वन-पॉकेटमध्ये आक्रमक खेळ आणणारा रॉनी अ‍ॅलन. आणि हॅरॉल्ड वर्स्ट. हा मुळात पॉकेटं नसलेल्या टेबलावरच्या थ्री-कुशन बिलियर्ड्सचा जगज्जेता. १९६५ मध्ये तो आला आणि पूलवाल्यांच्या घरात घुसून ऑलराउंड किताब घेऊन गेला. वर्षभरात कर्करोगानं तो वारला, चाळिशीही गाठली नव्हती.

मासिकांचे वार्ताहर आले, पाठोपाठ टीव्हीचे कॅमेरे आले. एबीसी वाहिनीच्या ‘वाइड वर्ल्ड ऑफ स्पोर्ट्स’ या कार्यक्रमात हे खाणींचं गाव देशभर दिसलं. १९६५ पासून भावांनी लास व्हेगासच्या स्टारडस्ट हॉटेलात दुसरी स्पर्धाही सुरू केली.

बक्षीस एवढंसं, मग खेळाडू आठवडेच्या आठवडे का थांबायचे?

इथे या स्पर्धांचं गुपित आहे. बक्षिसाची रक्कम एवढ्या लांबून येऊन इतके दिवस मुक्काम ठोकण्याइतकी मोठी नव्हती. खरी उलाढाल स्पर्धेचा दिवस संपल्यावर सुरू व्हायची. स्पर्धेसाठी बांधलेल्या क्यू क्लबमध्ये पंच, गुणफलक आणि बाकांवर बसलेले प्रेक्षक. आणि रात्री जॅन्स्कोंच्याच दुसऱ्या जागेत पैशाचे सामने, ते पार उजाडेपर्यंत.

या सामन्यांची स्वतःची अर्थव्यवस्था होती. बऱ्याच खेळाडूंकडे लावायला पैसे नसायचे. मग एखादा पैसेवाला मागे उभा राहायचा. त्याला ‘स्टेक हॉर्स’ म्हणत. हरला तर सगळा तोटा त्याचा, जिंकला तर नफ्यात दोघांचा वाटा. दोन खेळाडूंत फरक असेल तर वरचढ माणूस सवलत द्यायचा. नाइन-बॉलमध्ये दुबळ्याला नऊसोबत आठ नंबरवरही डाव जिंकता येईल, किंवा वन-पॉकेटमध्ये मी दहा घालवीन, तू सात घालव, अशा अटी ठरायच्या. ही घासाघीस कधी कधी खेळापेक्षा जास्त वेळ चालायची. कुशल खेळाडूचं निम्मं कसब या बोलणीत असे, कारण चुकीच्या अटीवर सामना घेतला की तो टेबलाला हात लावायच्या आधीच हरलेला असायचा.

शिवाय ‘कलकत्ता’. अमेरिकेतल्या पूल आणि गोल्फच्या स्पर्धांआधी खेळाडूंचा लिलाव व्हायचा, त्याचं हे नाव. इंग्रजी अमदानीतल्या कलकत्त्याच्या घोडेशर्यतींवरच्या सोडतीवरून ते पडलं. पद्धत अशी: स्पर्धेच्या आदल्या रात्री एकेका खेळाडूचं नाव पुकारायचं. सर्वांत जास्त बोली लावणारा त्या खेळाडूचा स्पर्धेपुरता ‘मालक’. लिलावाचा सगळा पैसा एकत्र करायचा आणि पहिल्या काही क्रमांकांवर आलेल्या खेळाडूंच्या मालकांत ठरल्या प्रमाणात वाटायचा. खेळाडूलाही स्वतःचा अर्धा हिस्सा मालकाकडून विकत घेता यायचा. कित्येक ठिकाणी कलकत्त्याची थैली स्पर्धेच्या बक्षिसापेक्षा जड असायची.

आता आयोजकाच्या बाजूनं विचार करा. प्रेक्षक येतात, खातात-पितात, मुक्काम करतात. खेळाडू येतात कारण रात्रीची कमाई आहे. आयोजकाचा धंदा त्याच गर्दीवर चालतो. बक्षिसाची रक्कम लहान असली तरी सगळ्यांचं भागतं. दिवसाची स्पर्धा रात्रीच्या खेळावर तगून होती, आणि रात्रीच्या खेळाला गिऱ्हाईक दिवसाच्या स्पर्धेमुळे मिळत होतं.

मग हे सगळे जुगारीच झाले की!

हा आक्षेप तेव्हाही होता. मॉस्कोनीला तर या मंडळींचा मनस्वी राग. पूल हा सभ्य माणसांचा खेळ आहे हे लोकांना पटवण्यात त्यानं आयुष्य घालवलं होतं आणि हे लोक त्यावर पाणी ओततात, असं त्याचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. पूलला प्रायोजक मिळत नाहीत, पालक मुलांना पार्लरकडे फिरकू देत नाहीत, याला ही प्रतिमा बऱ्याच अंशी जबाबदार आहे.

पण दुसरी बाजूही बघायला हवी. सभ्य स्पर्धांकडे वर्षाकाठी किती खेळाडूंचं घर चालेल एवढे पैसे होते? फार थोड्यांचं. बाकीच्यांना पैजेशिवाय दुसरं उत्पन्न नव्हतं. हातात अफाट कौशल्य आणि त्याला बाजारात भाव नाही, अशी ही माणसं. जॅन्स्कोंनी त्यांना निदान एक अशी जागा दिली जिथे ते स्वतःच्या नावानं खेळू शकत आणि जिंकलं तर वर्तमानपत्रात जगज्जेता म्हणून छापून येत असे.

मुद्दाम हरण्याचा धोका होता का? होता. मालक आणि पैजा आल्या की तो येतोच. अंतिम फेरीतले दोघं आधीच ठरवून बक्षीस निम्मं निम्मं वाटून घेत, हेही सर्रास चालायचं. त्यात लबाडीपेक्षा पोटाची काळजी जास्त असायची, पण प्रेक्षकांच्या दृष्टीनं सामन्याची धार बोथट होत होती हे नाकारता येत नाही. आयोजकाला हे सगळं ठाऊक असायचं. त्याचा धाक आणि त्याचा शब्द एवढीच त्यावरची तपासणी. लेखी करार, संघटना, शिस्तपालन समिती असलं काही नव्हतं.

१९७२ चा छापा

१९७० मध्ये अमेरिकेत संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा झाला. त्यातल्या एका कलमानं, राज्याच्या कायद्याविरुद्ध चालणाऱ्या जुगाराच्या धंद्यात पाच किंवा अधिक माणसं असतील आणि एका दिवसाची उलाढाल दोन हजार डॉलरवर जात असेल, तर तो केंद्र सरकारच्या अखत्यारीतला गुन्हा ठरला. रोख मोठ्या टोळ्यांवर होता. पण ही व्याख्या जॉन्स्टन सिटीच्या रात्रींना तंतोतंत लागू पडत होती.

जॉर्ज जॅन्स्को १९६९ मध्येच वारला होता. पॉली एकट्यानं स्पर्धा ओढत होता. १९७२ च्या स्पर्धेत केंद्रीय यंत्रणेच्या माणसांनी छापा घातला, काही खेळाडूंना अटक झाली, आणि जॉन्स्टन सिटीची स्पर्धा पुन्हा कधीच भरली नाही.

रात्रीचा खेळ बंद पडताच दिवसाची स्पर्धाही का बंद पडली, हे आता वेगळं सांगायला नको. एक खांब काढला, छप्पर खाली आलं. त्यानंतर पूलची स्पर्धा भरवणाऱ्या प्रत्येक माणसापुढे एकच सवाल उभा राहिला: जुगाराच्या आधाराशिवाय खर्च कसा काढायचा?

नॉरफोकचा बेहरमन

या सवालाचं सर्वांत चिवट उत्तर व्हर्जिनिया राज्यातल्या नॉरफोक शहरात मिळालं. हे नौदलाचं गाव. दुसऱ्या महायुद्धात खिशात पगार खुळखुळणारे खलाशी आणि गोदीतले कामगार इथे गर्दी करायचे आणि तरुण लॅसिटरनं इथेच हात धुऊन घेतला होता. याच शहरात बॅरी बेहरमन क्यू-मास्टर नावाचं पार्लर चालवायचा. १९७६ मध्ये त्यानं नाइन-बॉलची यूएस ओपन सुरू केली. पहिल्या वर्षी फक्त १६ खेळाडू, विजेता माइक सिगेल. बेहरमन २०१६ मध्ये वारला. तोवरची चाळीस वर्षं ही स्पर्धा म्हणजे बेहरमन असंच समीकरण होतं.

त्याच्यासारख्यांचं गणित असं असायचं. समजा ६४ खेळाडूंनी प्रत्येकी ५०० डॉलर प्रवेश फी भरली. झाले ३२ हजार. त्यात आयोजकानं २० हजार स्वतःच्या खिशातून किंवा प्रायोजकांकडून घातले. या वरच्या रकमेला ‘अ‍ॅडेड मनी’ म्हणतात. एकूण बक्षीस ५२ हजार. जाहिरातीत ५२ हजार दिसतात, पण त्यातले ३२ हजार खेळाडूंचेच. म्हणजे बक्षिसाचा मोठा भाग हरणारे खेळाडू जिंकणाऱ्याला देतात. विमानभाडं आणि हॉटेलचं बिल वेगळंच. पहिल्या आठ-दहा जणांत आला नाही तर खेळाडू घाट्यात जातो. आणि तिकीट विक्री फसली, प्रायोजक फिरला, की आयोजकही घाट्यात. या खेळात बक्षिसाचे पैसे उशिरा मिळाल्याच्या तक्रारी वारंवार झाल्या आहेत. खेळाडूंचा राग रास्तच होता. पण बहुतेकदा मूळ दुखणं कुणाच्या नियतीपेक्षा या गणितात होतं.

पैशाइतकंच कष्टाचं काम टेबलांचं. नऊ फुटी टेबलाचं वजन साडेचारशे किलोच्या आसपास. आतली दगडी फरशी तीन तुकड्यांत येते. हॉटेलच्या सभागृहात टेबल उभं करायचं म्हणजे आधी सांगाडा, मग पातळी लावून लावून तिन्ही फरश्या समतल करायच्या. जोडांच्या फटीत मेण वितळवून भरायचं, ते गार झालं की पातं घेऊन फरशीच्या रेषेत खरवडायचं, आणि मग त्यावर कापड ताणून बसवायचं. मेणाचा कण जरी वर राहिला तरी हळू मारलेला बॉल तिथून वळतो, आणि वळला की खेळाडू आधी आयोजकाकडे बघतो. एका स्पर्धेला अशी दहा-वीस टेबलं. हे करणाऱ्या टेबल मेकॅनिकांची नावं कुठल्याच निकालपत्रकात नसतात.

याशिवाय जोड्या लावणं. बहुतेक स्पर्धांत एकदा हरलेला लगेच बाहेर जात नाही, हरलेल्यांच्या गटातून पुन्हा वर चढू शकतो. दोनदा हरला की घरी. हे न्याय्य असलं तरी वेळापत्रकाची परीक्षा घेणारं आहे. संगणक येण्याआधी भिंतीवर भलामोठा कागदी तक्ता चिकटवलेला असायचा आणि स्पर्धा संचालक हातानं एकेक नाव पुढच्या चौकटीत लिहायचा. स्पर्धेचं केंद्र तो तक्ताच. सगळे त्याच्याभोवती घुटमळायचे.

त्या काळी नाव लिहिताना ओळखपत्र कोण मागतंय? १९८५ मध्ये ह्यूस्टनच्या एका स्पर्धेत सेझार मोरालेस नावाचा किरकोळ बांध्याचा माणूस खेळला आणि सगळ्यांना हरवून जिंकला. तो फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस होता, ज्याला आज कित्येकजण इतिहासातला सर्वोत्तम पूल खेळाडू मानतात. त्याची ख्याती नावानं अमेरिकेत पोचली होती, चेहऱ्यानं नव्हती, म्हणून नाव बदललं. १९९४ मध्ये तो स्वतःच्या नावानं यूएस ओपन जिंकला. अमेरिकेबाहेरचा तो पहिलाच विजेता.

दहा लाख डॉलर आणि विमा कंपनी

पैसा उभा करायची आणखी एक वाट १९९६ मध्ये डॅलसला शोधली गेली. खेळाडू सी. जे. वायली यानं नवी मालिका सुरू केली आणि जाहीर केलं, की जो सलग दहा डाव ब्रेक करून समोरच्याला संधीच न देता संपवेल त्याला दहा लाख डॉलर. एवढे पैसे त्याच्याकडे नव्हते. त्यानं विमा काढला होता. ही घटना इतकी दुर्मीळ, की थोड्या हप्त्यात मोठी रक्कम जाहीर करता येते.

पहिल्याच स्पर्धेत अर्ल स्ट्रिकलंडनं सलग अकरा डाव संपवले. विमा कंपनीनं पैसे देताना खळखळ केली, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी तडजोड झाली. पूलच्या इतिहासातला बहुधा सर्वांत मोठा पराक्रम, पण तो सांगताना आजही लोक खेळाआधी कज्जाच सांगतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

स्नूकरला जमलं, मग पूलला का नाही?

स्नूकरचा देश म्हणजे ब्रिटन, छोटा आणि टीव्हीच्या वाहिन्या मोजक्या. १९६९ मध्ये बीबीसीला रंगीत टीव्हीसाठी कार्यक्रम हवे होते आणि रंगीबेरंगी बॉलांचा हा खेळ त्यांना आयताच सापडला. खेळ एकच, जागतिक स्पर्धा एकच. १९८५ ची अंतिम फेरी मध्यरात्र उलटून गेल्यावर ब्रिटनमध्ये १ कोटी ८५ लाख लोक बघत होते. पाठीशी तंबाखू कंपनीचा पैसा. आणि बॅरी हर्न नावाचा एक प्रवर्तक, ज्यानं तरुण स्टीव्ह डेव्हिसला हाताशी धरून १९८२ मध्ये मॅचरूम ही कंपनी काढली.

अमेरिकेत यातलं काहीच जुळलं नाही. देश अवाढव्य, खेळ अनेक, संघटना एकमेकींशी भांडणाऱ्या, आणि प्रत्येक आयोजक आपापल्या शहरात एकांडा शिलेदार. बेहरमनच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलांनी स्पर्धा चालवली आणि २०१८ मध्ये ती मॅचरूमकडे सोपवली. व्यावसायिक शिस्त आली, पैसे वेळेवर मिळू लागले, प्रक्षेपण सुधारलं. पूलसाठी हे चांगलंच झालं असं मी म्हणेन. पण चाळीस वर्षं तोट्या-फायद्यात ती स्पर्धा कुणी जिवंत ठेवली नसती तर मॅचरूमला विकत घ्यायला काय उरलं असतं?

बायका कुठे होत्या?

जॉन्स्टन सिटीत टेबलाशी नव्हत्याच. स्ट्रेट पूलच्या यूएस ओपनमध्ये १९६७ पासून महिलांचा गट होता. पहिली पाच वर्षं डोरोथी वाइज जिंकली आणि मग जीन बलुकास नावाची पोरगी आली. १९७२ ते १९७८ सलग सात वर्षं तिनं तो किताब सोडला नाही. १९७६ मध्ये महिलांनी स्वतःची संघटना काढली. १९९३ मध्ये तर त्यांनी पुरुषांच्या संघटनेपासून फारकत घेऊन स्वतःची मालिका उभी केली, आणि त्या दशकात टीव्हीवर पुरुषांपेक्षा त्यांचे सामने नियमित दिसू लागले. एकजुटीनं संघटना चालवली तर काय होतं, याचं हे उदाहरण पुरुष खेळाडूंच्या नाकासमोर होतं.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे वाट निराळी होती. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्याला बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले. कुठल्याही खेळात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढे मुंबईचे मायकेल फरेरा आले. हा सगळा खेळ जिमखान्यांच्या आश्रयानं वाढला. टेबल क्लबचं, खर्च क्लबचा, खेळाडू हौशी. पैजेवर पोट भरायची वेळ नव्हती, पण क्लबच्या दारातून आत जाऊ शकणारे लोकही थोडेच होते. आणि तिथेही रोजचं काम ओढणारा माणूस म्हणजे मार्कर: टेबलाचं कापड घासूनपुसून ठेवणारा, गुण मांडणारा, नवख्याला शिकवणारा. जोन्स आणि फरेरांची नावं सन्मानफलकांवर आहेत. मार्करांची कुठल्या क्लबानं लिहून ठेवली असतील तर ती बाहेर यायला हवीत.

जुनं काही बघायला मिळतं का?

जॉन्स्टन सिटीचं फार थोडं. रात्रीचे सामने तर कुणी चित्रित करून ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. तिथला उत्तम वन-पॉकेट ज्यांनी पाहिला, त्यांच्याबरोबर तो गेला. ऐंशीच्या दशकात पॅट फ्लेमिंग या खेळाडूनं अ‍ॅक्यू-स्टॅट्स नावानं सामने चित्रित करायला आणि प्रत्येक खेळाडूच्या चुका मोजून गुण द्यायला सुरुवात केली. त्यामुळे त्यापुढचा काळ बराच जपला गेला. ‘प्रोफेसर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ग्रेडी मॅथ्यूजनं नव्वदच्या दशकात वन-पॉकेटच्या स्पर्धा भरवून तो खेळ जागता ठेवला आणि समालोचनातून लोकांना समजावलाही. वन-पॉकेट शिकायचा असेल तर त्याच्या समालोचनाचे जुने सामने शोधून बघा, एकेक शॉट का मारला हे तो सांगतो.

आणि जॅन्स्कोंची तीन खेळांची कल्पना अजून चालू आहे. टेबलं बनवणारा ग्रेग सलिव्हन यानं १९९९ मध्ये डर्बी सिटी क्लासिक सुरू केली. ती केंटकी आणि इंडियाना राज्यांच्या सीमेवर दर जानेवारीत भरते. बँक पूल (बॉल आधी कुशनवर आपटवूनच घालवायचा खेळ), वन-पॉकेट आणि नाइन-बॉल, तिन्हींत मिळून सर्वोत्तम ठरणाऱ्याला ‘मास्टर ऑफ द टेबल’ किताब. एकदा हरलात तर पुन्हा फी भरून परत उतरता येतं, त्यामुळे हौशी खेळाडूही नाव घालतात आणि जगज्जेत्यासमोर एक डाव खेळून येतात.